पंधरापैकी पंधरा

पिपरी मेघे, वर्धा
२० डिसेंबर १९९८

प्रेमदासभाऊ,

नमस्कार. खुशाली इचारत नाई, कारण तुमी सांगणार नाई हे मले माहीत आहे. दहा महिने झाले तुमाले टॉकीज सोडून. तळेगावात तुमी लग्न-वरातीले माइक अन् लाऊडस्पीकर भाड्यानं देता असं कळलं. चांगलं केलं. चौदा वर्षं त्या अंधाऱ्या खोलीत मशीनपाशी बसले, तोंडातून चौदा शब्द काढले नसतील. आता दुसऱ्यायचं बोलणं मोठं करून गावाले ऐकवा.

ही माफी मागून राह्यली असं समजू नका. मी जे म्हटलं ते म्हटलं. पत्र एवढ्यासाठी, का डिसेंबर सरून राह्यला, अवॉर्डाचे कार्ड टाकायचे दिवस आले, अन् आपल्या मंडळीचे अंदाज ऐकून माझं डोकं उठलं. बोलावं असं एकबी डोकं या वर्ध्यात नाई. तुमचं होतं, ते तुमी घेऊन गेले.

बंडूजी कापडवाल्यापासून सुरू करते. माझ्या तिकिटाच्या खिडकीवर कोणी पिक्चरचं नाव घेत नाई हे तुमाले माहीतच आहे. 'बाई, तो विहिरीवाला दोन द्या', 'तो जुळ्या भावायचा चार'. तर बंडूजी म्हणते, विहिरीवाला नॉमिनेशनले पक्का. काऊन? तर त्यातल्या हिरोइनीच्या पिवळ्या साडीचे शंभर नग त्याच्या दुकानातून गेले. मी म्हटलं, मंग अवॉर्ड साडीले द्या, हिरोइन कायले पाहिजे? तर हसला. त्याले वाटलं मी मजाक केली.

लेडीजच्या दारावर तिकीट फाडणारी आपली सीताबाई, तिचं गणित त्याहून सोपं. ज्या पिक्चरमध्ये आई मेली तो गेला नॉमिनेशनले. आई नुसती आजारी पडली तर तो पिक्चर तिच्या लेखी अधलामधला. अन् खुद्द मालक भैय्याजी! जो पिक्चर आपल्या पडद्यावर लागला नाई, तो निघालाच नाई असं त्यायचं मत. असे हे जाणकार. यायच्यात बसून मी दरवर्षी कार्ड टाकते. गाढवायच्या शर्यतीत घोडं पळवावं तसं.

नियम तुमाले पाठ आहेत, पण यंदा भैय्याजीनं ते पुठ्ठ्यावर लिहून खिडकीपाशी टांगले, म्हणून उतरवते. एकतीस डिसेंबरच्या आत ज्यानं त्यानं आपल्याच नावानं पोस्टकार्ड टाकायचं. त्यावर मुंबईच्या मोठ्या अवॉर्डाच्या नॉमिनेशनले जातील ते पाच पिक्चर, पाच हिरो, पाच हिरोइनी, अशी पंधरा नावं. कार्ड घरी आलं का ठेवून द्यायचं. पेपरात यादी आली का त्या रविवारी नऊच्या शोआधी सगळ्यायनं टॉकीजच्या व्हरांड्यात कार्ड घेऊन यायचं. भैय्याजी पोस्टाचा शिक्का पाहतील, मंग नावं वाचतील. ज्याची जास्त बरोबर त्याचं नाव काळ्या बोर्डावर खडूनं, वर्षभर: 'यंदाचे जाणकार'. पैशाचं काही नाई. शिक्का खोटं बोलत नाई, असं भैय्याजी दहा वर्षं म्हणत आले. पण आता खाली एक नियम वाढला. कार्ड डब्यात टाकण्याआधी भरलेलं भैय्याजीले दाखवायचं अन् त्यायची सही घ्यायची.

हा नियम तुमच्यापायी वाढला, हे तुमाले कळलं पाहिजे म्हणून लिहिलं.

दहा वर्षांत अकराच्या वर कोणी गेलं नाई. माझे या फेब्रुवारीत तेरा आले. अन् तुमचे पंधरापैकी पंधरा! कोण मानंल? मी सगळ्यायसमोर म्हटलं, यानं कार्डावर नुसता पत्ता लिहिला, मागची बाजू कोरी ठेवून टाकलं, शिक्का बसून घरी आलं, अन् यादी छापून आल्यावर पेपर समोर ठेवून भरलं. म्हटलं, अन् ओल्या फडक्यानं बोर्डावरचं तुमचं नाव पुसलं. तुमी काय केलं? कार्ड खिशात घातलं, जिना चढून मशीनपाशी गेले. नऊचा शो काढला अन् बाराले चाव्या भैय्याजीच्या टेबलावर ठेवल्या. खरा माणूस भांडते, प्रेमदासभाऊ. तुमी भांडले नाई.

बस, एवढंच.

शोभा


पिपरी मेघे
१५ फेब्रुवारी १९९९

प्रेमदासभाऊ,

पत्राचं उत्तर नाई. अपेक्षाबी नोती.

यंदाचा निकाल ऐका अन् हसा. सीताबाई जिंकली. नऊ बरोबर. यंदा मुंबईवाल्यायनं आया मारायचा सपाटाच लावला होता, त्याले ती बिचारी काय करंल? बोर्डावर भैय्याजीनं मोठ्ठ्या अक्षरात 'सीताबाई' लिहिलं, तर ती बोर्डाले हात जोडून उभी. हात जोडून! अन् मंग दिवसभर लेडीजच्या दारावर एकेकीले सांगून राह्यली, "वाचता येते का? वाच बरं, काय लिहिलं?" तिले स्वतःले वाचता येत नाई, हे तुमाले माहीत आहे. तिचं कार्ड बंडूजीचा पोट्टा लिहून देते.

माझे सहा आले.

तुमी मनात म्हणाल, बाई तेरावरून सहावर कशी उतरली? मुंबईवाल्यायचं डोकं फिरलं, दुसरं काय. एकेक नाव असं का थुंकावं वाटते. तो मिशीवाला हिरो, ज्याले रडताना नाक पुसायचंबी समजत नाई, तो नॉमिनेशनले! माझं चुकलं नाई, त्यायचं चुकलं.

एक गोष्ट कबूल करते. परवा मॅटिनीले मी तुमच्या खोलीत गेलती. नवा ऑपरेटर बिडी प्यायले खाली उतरलता. तुमी म्हणत, "बाई, मी पिक्चर नाई पाहत, पाहणाऱ्यायले पाहतो. कोणत्या गाण्याले लोक पाणी प्यायले उठतात, कोणत्या सीनले उठलेला माणूस दारातच थांबते, ते पाहतो." मले तेव्हा वाटे, ऑपरेटर मोठेपणा करून राह्यला. तर मी त्या भोकातून अर्धा तास पाह्यलं. मले काय दिसलं सांगू? डोकी. तेल लावलेली डोकी अन् एक झोपलेला म्हातारा. त्यातून तुमाले पंधरा नावं कशी दिसत, ते तुमचं तुमाले माहीत.

आता म्हणू नका, बाई मानून राह्यली. नुसतं लिहिलं.

शोभा


पिपरी मेघे
३१ डिसेंबर २०००

प्रेमदासभाऊ,

टॉकीज अर्धी रिकामी असते. केबलवर सगळं येते. भैय्याजी बाल्कनीच्या फाटलेल्या खुर्च्या शिवून घेत नाई, म्हणते, बसणारे आले का शिवू.

आपल्या मंडळीत नवा शहाणा आला आहे. निकेश नावाचा पोट्टा, सावंगीले डॉक्टरकी शिकते. हा कॉम्प्युटरवर इंटरनेट का काय पाहून येते, अन् व्हरांड्यात उभा राहून आमाले सांगते का मुंबईत कोणता क्रिटिक काय म्हणते. म्हटलं, बाळा, तुले स्वतःले काय वाटते? तर म्हणते, "आंटी, माझ्या वाटण्याचा काय संबंध?" घ्या! याच्या हातात उद्या नाडी द्यायची लोकायनं. अन् बंडूजी, सीताबाई तोंडं उघडी ठेवून ऐकतात. सीताबाईनं त्याले इचारलं, इंटरनेटवर आई मेल्याचं कळते का. कळते म्हणाला. आता ती त्याले सोडत नाई, डबा आणून देते.

आता एक दुसरी गोष्ट, अन् ती झाली ती मले आवडली नाई.

आपला पोस्टमन कवडू. तो कार्ड वाचते हे गावाले माहीत आहे. फाटकातूनच ओरडते, "बाई, अमरावतीच्या बहिणीची म्हैस व्याली!" मंग कार्ड हातात देते. परवा त्यानं माझ्या भाचीचं कार्ड असंच वाचलं, अन् त्यात तिच्या सासरचे दोन शब्द होते. मी त्याले चांगला झाडला. म्हटलं, मेल्या, दुसऱ्याचं कार्ड वाचणं गुन्हा आहे. माणसाची काही लाज?

तो मुकाट ऐकून घेणारा माणूस, पण परवा त्याचंबी डोकं सणकलं. म्हणे, "बाई, वाचतो म्हणून खरं-खोटं माहीत आहे मले. प्रेमदासभाऊचं कार्ड मी त्या सालच्या डिसेंबरातच त्यायच्या पायरीवर उभा राहून वाचलतं. पंधराही नावं होती. शाई वाळलेली होती."

मी म्हटलं, मंग तेव्हा दातखीळ बसलती का? तर म्हणे, "सांगायचं त्यायले सांगतलं." कोणाले, ते बोलला नाई. सायकलवर टांग टाकली.

आणखीबी काहीबाही बोलला. ते लिहिण्यासारखं नाई.

असो. कवडूसारख्या माणसाच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवते? पण तुमाले कळवणं माझं काम होतं, ते केलं.

शोभा


पिपरी मेघे
१३ जानेवारी २००२

प्रेमदासभाऊ,

हे पत्र चौथ्यांदा लिहून राह्यली. तीन चुलीत घातले.

कवडू तेव्हा काय बोलला ते लिहिते. बोलला, "अन् बाई, तुमचंबी कार्ड वाचलतं मी. म्हणजे वाचायले काही नोतंच."

कोरं कार्ड माझं होतं.

एकोणतीस डिसेंबर सत्त्याण्णवले ते माझ्या हातात देताना त्यानं ते उलटं केलं, सुलटं केलं, अन् म्हणाला, "हे तर कोरंच आलं!" मी म्हटलं, शाई उडाली असंल. तो म्हणाला, "हौ, थंडीत उडते." अन् गेला. यादी छापून आली त्या दिवशी मी घरी दार लावून बसली, पेपर पाहून पंधरा नावं उतरवली. मंग इचार केला, पंधरा कोण मानंल? म्हणून दोन मुद्दाम चुकवली. एक हिरो अन् एक हिरोइन. एवढी हुशार मी.

म्हणजे तुमच्या पंधरावर मीच ओरडली, कारण पंधरा चोरीशिवाय येत नाई हे माझ्याहून जास्त कोणाले माहीत होतं? मी चोरी करून तेरा आणले अन् तुमी बसल्या जागी पंधरा. मले इतका संताप आला का डोळ्यापुढं अंधारी आली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी भोगलं आहे. तुमच्यावर मी जो आळ घेतला, तो माझाच गुन्हा होता, शब्दाले शब्द. कोरी बाजू, शिक्का, समोर पेपर. तुमाले कधी वाटलं नाई, का या बाईले एवढं बारीक कसं माहीत?

का केलं इचाराल. त्याआधीची तीन वर्षं बोर्डावर माझं नाव होतं. खिडकीच्या त्या भोकातून लोकायले माझा हात दिसते, बाकी बाई दिसत नाई. पंधरा वर्षं मी त्या गावाले एक हात आहे. पण बोर्डावर नाव आलं तेव्हापासून लोक वाकून आत पाहत, "शोभाबाई, हा पाहावा का?" म्हणून इचारत. मी 'नका पाहू, पोट दुखंल' म्हटलं तर खरंच परत जात. त्या सालचे पिक्चर पाहून मले काहीच समजलं नोतं. वाटलं, यंदा गेलं नाव. भ्याली मी.

अन् आणखी एक. मी तुमचं नाव पुसलं तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "ह्या लोकायचं असंच असते." तुमी ऐकलं. मी तुमचं तोंड पाह्यलं, तुमी ऐकलं. मी वळून त्याचं थोबाड फोडायले पाहिजे होतं. मी फडकं पिळत राह्यली. कोऱ्या कार्डापेक्षा ते मले जास्त लागते.

झालं. लिहिलं. आता तुमी मोकळे अन् मी मोकळी.

शोभा


पिपरी मेघे
२ फेब्रुवारी २००२

प्रेमदासभाऊ,

चार वर्षांत तुमचं पहिलं कार्ड आलं, अन् त्यावर एक ओळ! "पत्रात नको. जिथं बोलल्या तिथं बोला."

कवडूनं ती ओळ फाटकातून वाचून दाखवली. शेजारची खिडकी उघडी होती.

तुमी कोण समजता स्वतःले? मी तुमाले पोटातलं काढून दिलं, अन् तुमी मले हुकूम सोडता? कोणासमोर बोलू? त्या बंडूजीसमोर, ज्याले पिक्चर अन् साडीतला फरक कळत नाई? त्या पोट्ट्यासमोर, ज्याले स्वतःचं मत म्हणजे काय ते माहीत नाई? सीताबाईसमोर? सीताबाईसमोर मी मान खाली घालू? त्यापरीस मी आर्वी नाक्यावर डोक्यावर चप्पल घेऊन उभी राहीन.

अन् भैय्याजीनं खिडकीवरून काढलं तर? खोटारडी बाई तिकिटावर कोण ठेवते? मले दुसरं काही येत नाई. इचार केला का तुमी याचा?

मी बोलणार नाई.

शोभा


पिपरी मेघे
१८ फेब्रुवारी २००२

प्रेमदासभाऊ,

बोलली.

काल रविवार. यादी शुक्रवारच्या पेपरात आलती. व्हरांड्यात आम्ही पाच-सात जण अन् नऊच्या शोचे दहा-बारा. निकेश इंटरनेटचा कागद घेऊन. भैय्याजीनं कार्ड मागितले, अन् मी म्हटलं, थांबा. माझा आवाज तुमाले माहीत आहे, चौकापर्यंत जाते. काल व्हरांड्याच्या पायरीपर्यंत गेला असंल तर नशीब. म्हटलं, अठ्ठ्याण्णवच्या निकालाले कोरं कार्ड प्रेमदासभाऊनं नाई टाकलं, मी टाकलतं. त्यायचे पंधरा खरे होते. माझे तेरा खोटे. जे त्यायले म्हटलं ते माझं होतं. अन् मागून जो बोलला तो इथं असंल नसंल, पण जिनं बोलू दिलं ती मी आहे.

मी वाट पाहून राह्यली. कोणी थुंकंल, कोणी हसंल. बंडूजी बोर्डाकडं पाहत होता. शेवटी म्हणाला, "बाई, आमाले माहीत होतं."

मी म्हटलं, काय माहीत होतं?

"कवडूनं त्याच महिन्यात भैय्याजीले सांगतलं. आम्ही दोघं उन्हाळ्यात तळेगावले गेलतो प्रेमदासभाऊले परत आणाले."

मंग भैय्याजी बोलले. तो सहीचा नियम तुमच्यासाठी नोता, प्रेमदासभाऊ. तो माझ्यासाठी होता! चार वर्षं दर डिसेंबरात मी ऐटीत कार्ड नेऊन त्यायची सही घेत होती, अन् मनात तुमाले शिव्या देत होती का तुमच्यापायी हा ताप. अन् ते मुकाट्यानं सही करून देत होते.

त्यायनं मले हेबी सांगतलं, का तुमी त्यायले काय म्हटलं. "बाईले कोणी काही म्हणू नका. तिची खिडकी जाईल. मी तिथं येणार नाई, पण बोलायचं तर तिलेच बोलू द्या. नाई बोलली तर राहू द्या."

चार वर्षं, प्रेमदासभाऊ. चार वर्षं मी या लोकायले बिनडोक म्हणत आली. तुमाले पत्र लिहून लिहून म्हणत आली. अन् हे सगळे माझी लाज झाकून, माझ्या शिव्या खाऊन, रोज मले "शोभाबाई, चहा घेता का" म्हणत होते. सीताबाईले तर सगळ्यायच्या आधी माहीत होतं. काल ती जवळ आली अन् म्हणाली, "जाऊ द्या बाई, पोरायच्या पेपरातबी कॉपी होते." माझ्या डोळ्यातून पाणी आलं. कोणी मले एवढं खाली कधी पाडू शकलं नाई, जेवढं त्या अडाणी बाईच्या एका वाक्यानं पाडलं.

मी खडू घेतला. बोर्डावर आधी 'यंदाचे जाणकार'च्या वर लिहिलं: 'सन १९९८: प्रेमदास. पंधरापैकी पंधरा.' अक्षर वाकडं आलं. भैय्याजी म्हणाले, राहू द्या तसंच, पुसू नका.

खिडकी गेली नाई. भैय्याजी म्हणाले, "शो सुरू व्हायचा आहे, बसा."

यंदा निकेश जिंकला. इंटरनेट पाहून दहा. त्याचं नाव खाली लिहिलं, बारीक अक्षरात. तेवढा माझा हक्क.

शोभा


पिपरी मेघे
२८ डिसेंबर २००२

प्रेमदासभाऊ, जयभीम.

दहा महिने तुमचं काही आलं नाई. मी म्हटलं, बरोबर आहे, जे मागितलं ते मी दिलं, उधार काही राह्यलं नाई. बोर्डाकडं पाहून रोज खिडकीत बसत होती.

अन् आज कवडू आला, फाटकाच्या बाहेरूनच बोंबलत. "बाई, तळेगाव! पंधरा नावं! पंधरा!" सायकल तशीच टाकली. तुमचं कार्ड. पाच पिक्चर, पाच हिरो, पाच हिरोइनी. त्या तुमच्या मुंगीच्या अक्षरात. अन् तळाशी एक ओळ: "कवडूनं वाचलं का?"

हौ, वाचलं. अर्ध्या पिपरीनं ऐकलं. साक्षीले आता कमी नाई.

पण तुमाले नियम आठवत नाई का? कार्ड आपल्याच नावानं टाकायचं असते. तुमी माझ्या नावानं टाकलं. भैय्याजीले दाखवलं, म्हटलं हे बाद करा. भैय्याजीनं चष्मा लावला, पाह्यलं, अन् म्हणाले, "माणूस आपलं कार्ड ज्याच्यापाशी ठेवावं वाटते त्याच्या नावानं टाकते. चालंल." अन् वर सही केली.

म्हणजे यादी येईस्तोवर तुमचं कार्ड माझ्यापाशी राह्यणार. मी ते पत्र्याच्या पेटीत ठेवलं, कुलूप घातलं, अन् चावी सीताबाईच्या हातात दिली. तिनं पदराले बांधली, काऊन म्हणून इचारलंबी नाई. इचारलं असतं तर सांगतलं असतं, का मले अजून माझा भरोसा नाई.

तुमची शोभाबाई

ता. क. सातवं नाव पाहून माझं डोकं फिरलं. तो कुरळ्या केसाचा? तो हिरो आहे का हजामाच्या दुकानातला फोटो? तळेगावच्या लाऊडस्पीकरनं कान गेले होते हे माहीत होतं, डोळेबी गेले का? याच्यावर पत्रात वाद घालणार नाई. जिथं घालायचा तिथं घालीन. यादीच्या रविवारी नऊच्या आधी येजा.